नवरा डॉक्टरकडे येत नाही? मग पहिला केसपेपर तुझ्या नावाचा काढ

काकू, नमस्कार. मी सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी राहते. आमचे मिस्टर झेडपीच्या शाळेत शिक्षक आहेत, वय ३८, दारू नाही, तंबाखू नाही, गावात सगळे देवमाणूस म्हणतात. लॉकडाऊनमध्ये मोबाईलवर रमी सुरू झाली, मग क्रिकेटच्या टीमा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते ॲप बंद झाले तेव्हा मला वाटलं सुटलो, तर आता टेलिग्रामवर कुणाकडून तरी सट्टा लावायचा आयडी घेतलाय आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बाथरूममध्ये मोबाईल घेऊन बसतात. शिक्षक पतसंस्थेचे सहा लाख, बँकेचं पर्सनल लोन पाच लाख, लोनच्या ॲपचे ऐंशी हजार, हातउसने किती ते त्यांनाच माहीत. माझ्या पाटल्या सोनेतारणात ठेवल्यात हे मला सोनाराच्या बायकोकडून कळलं. माझे भाऊ म्हणतात आम्ही सगळं एकदाच फेडतो, दाजींनी फक्त शपथ घ्यावी. सासूबाई देवरशाकडे चला म्हणतात. एका व्यसनमुक्ती केंद्रवाल्याने सांगितलं की तीन महिन्यांचे पैसे आधी भरा, आमची पोरं रात्री येऊन उचलून नेतील. हे म्हणतात मी काय वेडा आहे का डॉक्टरकडे जायला, दोन लाख निघाले की बंदच करणार आहे. परवा म्हणाले, मी गेलो तर निदान विम्याचे पैसे तरी येतील तुम्हाला. काकू, कुणाकडे जाऊ? खरा माणूस ओळखायचा कसा? आणि शाळेत कळलं तर?

— एक वाचक

अगं पोरी,

पत्र दोनदा वाचलं. पाटल्या, पतसंस्था, देवरशी सगळं नंतर बघू, आधी ते विम्याचं वाक्य. तू ते पत्रात शेवटी शेवटी लिहिलंस, जसं काही चिडून बोलून गेले असतील असं, पण मी सरकारी दवाखान्यात मानसोपचार ओपीडीला समाजसेवा अधीक्षक म्हणून एकवीस वर्षं काढलीत आणि सांगते, कर्जात बुडालेला जुगारी असं बोलतो तेव्हा ती धमकी नसते, तो हिशेब असतो, त्याने मनात कुठेतरी बेरीज-वजाबाकी करून ठेवलेली असते. तर आज, म्हणजे हे वाचशील त्याच दिवशी, त्यांना सरळ विचार, जीव द्यायचा विचार येतो का, कसा द्यायचा ते ठरवलंय का. विचारल्याने डोक्यात नसलेलं भूत बसत नाही, उलट माणूस बऱ्याचदा रडून मोकळा होतो. तुमच्याकडे द्राक्षबागा आहेत, म्हणजे घरात नाहीतर शेडमध्ये फवारणीचं औषध असणारच, ते आजच भावाच्या घरी नेऊन ठेव आणि कुणाला कारण सांगत बसू नकोस. आणि ते हो म्हणाले, किंवा नुसतेच गप्प बसले, तर एकटं सोडायचं नाही, रात्र असो की पहाट, सिव्हिलच्या कॅज्युअल्टीला न्यायचं, गाडी नसेल तर १०८ ला फोन. तिथे फॉर्म कोण भरणार, गावात काय बोलतील, हे सगळं दुसऱ्या दिवशी.

आता दुसरं. १४४१६ हा नंबर लिहून घे, टेली मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाईन. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला. हा नंबर पेशंटनेच लावायला पाहिजे असं काही नाही हं, बायकोने लावला तरी चालतो, आईने लावला तरी चालतो. आधी काउन्सेलर बोलतो, गरज वाटली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञाला जोडून देतात आणि तुझ्या जवळचं सरकारी ठिकाण कुठलं तेही सांगतात. लागला नाही लगेच तर परत लाव, सरकारी लाईन आहे, मी काय तुला खोटं सांगणार नाही.

तू विचारतेस कुणाकडे जाऊ. तुला वाटतंय आधी त्यांना तयार करायचं आणि मग डॉक्टर शोधायचा, आणि इथेच सगळ्या बायका अडकतात, वर्ष-वर्ष तयार करण्यात जातं आणि तेवढ्यात अजून चार लाख जातात. तू उलटं कर. पहिली अपॉइंटमेंट तुझी. तुला झोप नाही, छातीत धडधडतंय, पोरांवर हात उचलला जातोय (हे तू लिहिलं नाहीस पण मला माहितीये), एवढं कारण बास आहे केसपेपर काढायला. तुम्हाला मिरजेचं सरकारी मेडिकल कॉलेज जवळ आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे, सकाळच्या ओपीडीला जायचं, केसपेपर काढायचा आणि डॉक्टरांना सांगायचं, नवरा जुगारात अडकलाय, तो येत नाही, मी काय करू. त्यात काही चमत्कारिक नाही, अशा बायका रोज येतात. तिथे तुला कळेल की घरी कसं बोलायचं, पैशाला कुठे बांध घालायचा, आणि तू जायला लागलीस की चौथ्या-पाचव्या वेळेला मास्तर विचारतात, तिथे माझ्याबद्दल काय सांगतेस गं तू? तेव्हा म्हणायचं, चला ना, तुम्हीच सांगा. माझ्या डोळ्यादेखत अशी कितीतरी माणसं आली आहेत, नुसती आपली बाजू मांडायला म्हणून, आणि मग टिकली.

त्यांच्याशी बोलायची वेळ मात्र सांभाळ. मॅच चालू असताना नाही, हरल्यावर नाही, जिंकल्यावर तर अजिबातच नाही कारण तेव्हा ते राजे असतात. रविवारी सकाळी चहा झाल्यावर, पोरं बाहेर असताना. तुम्ही फसवलंत, तुम्ही बुडवलंत असं सुरू केलंस की संपलं. मला सोनाराच्या बायकोकडून कळलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, मी गुरुवारी मिरजेला जातेय माझ्यासाठी, यायचं तर या. एवढंच. आणि खरंच जायचं.

वेडा आहे का म्हणतात ना, त्याला उत्तर आहे. जुगाराचं व्यसन हा आजार म्हणून लिहिलेला आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आहे, अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी तर २०१३ मध्ये तो दारू-ड्रग्जच्याच प्रकरणात नेऊन बसवला, कारण मेंदूत जे होतं ते सारखंच दिसतं. दोन लाख निघाले की बंद, हे वाक्य म्हणजे तर त्या आजाराचं सगळ्यात ओळखीचं लक्षण, ताप आला की अंग गरम लागतं तसं. गेलेले काढायला परत लावायचे, ते गेले की ते काढायला अजून लावायचे. आणि समजा उद्या खरंच दोन लाख निघाले, तर ते कुठे जातील असं तुला वाटतं? पतसंस्थेत?

माझे मामा कल्याण मटक्याचा आकडा लावायचे. ओपन, मग क्लोज, मग झोप. मटक्याला निदान वेळ होती, दुकान बंद व्हायचं, आकडा लिहून घेणारा माणूस कुठेतरी टपरीवर बसलेला असायचा आणि आजोबा जाऊन त्याला दम देऊन यायचे. मोबाईलला क्लोज नाही आणि दम द्यायला समोर माणूसच नाही, आयडी देणारा कुठला, पॅनल म्हणजे ती सट्ट्याची साईट कुणाची, काही पत्ता नाही. त्या मामांचं कर्ज घरच्यांनी तीनदा फेडलं. पहिल्यांदा म्हैस, दुसऱ्यांदा आईच्या बांगड्या, तिसऱ्यांदा रस्त्याकडेचे गुंठे. दर वेळेला देवासमोर शपथ झाली आणि शपथ घेताना मामा खोटं बोलत नव्हते गं, त्या क्षणाला शंभर टक्के खरं होतं ते. पण कर्ज फिटलं की डोक्यावरचं ओझं जातं, पत परत येते, आणि पत आली की परत मिळतं कर्ज. म्हणून तुझ्या भावांना माझा निरोप सांग, पैसे असतील तर तुझ्या नावावर एफडी करा, पोरांची फी भरा, दवाखान्याचा खर्च करा, पण त्यांच्या हातात किंवा त्यांच्या सावकाराच्या हातात एकरकमी काही द्यायचं नाही. निदान उपचार सुरू होऊन सहा-आठ महिने होईपर्यंत नाही. भाऊ रागावतील, रागावू देत.

आता खरा माणूस ओळखायचा कसा. बघ, मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे आधी एमबीबीएस आणि त्यानंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम, औषध हाच लिहून देऊ शकतो, आणि महाराष्ट्रात प्रॅक्टिस करतोय म्हणजे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर असणार, तो पाटीवर किंवा चिठ्ठीवर दिसतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वेगळा, तो औषध देत नाही, तो बोलून उपचार करतो, त्याची नोंद रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते, आरसीआय म्हणतात, त्याचाही नंबर असतो आणि विचारायला लाजायचं नाही. गाडी घेताना आरसीबुक बघतो ना आपण. आणि काउन्सेलर, हा शब्द मात्र सध्या कुणीही दारावर लावतं, पंधरा दिवसांचा कोर्स केलेला पण काउन्सेलर आणि वीस वर्षं व्यसनमुक्तीत घालवलेला पण काउन्सेलर. दुसरा मिळाला तर सोनं आहे. म्हणून विचारायचं, शिक्षण काय, कुठे काम केलंत, जुगाराच्या केस बघितल्यात का, आणि गरज पडली तर कुठल्या डॉक्टरकडे पाठवता. शेवटच्या प्रश्नाला जो म्हणतो की डॉक्टरबिक्टर काही लागत नाही, मीच बघतो सगळं, तिथून उठायचं.

गॅरंटी देणारा पण नको. एकवीस दिवसांत कायमचं बंद, पेशंटच्या नकळत चहातून औषध, असल्या जाहिराती एसटी स्टँडच्या मुतारीपासून फेसबुकपर्यंत सगळीकडे आहेत. जुगार सोडवणारी अशी खास गोळीच नाहीये. उदासी असेल, झोप नसेल, तर त्याची औषधं देतात, कधीकधी ओढ कमी करायला दारूच्या पेशंटना देतात तसलं एखादं औषधही डॉक्टर विचार करून देतो, पण नकळत काही नाही, कधीच नाही. एक गंमत सांगते, गंमत कसली म्हणा, कंपवाताच्या काही गोळ्यांनी एखाद्या माणसाला जुगाराचा नादच लागतो, म्हणून घरात कुणालाही कसलीही औषधं चालू असली की ती पिशवीत घालून डॉक्टरला दाखवायची, मास्तरांना शुगर-बीपीची असतील तरी.

मुख्य काम बोलण्याचंच असतं. कधी लावावंसं वाटतं, पगार झाल्यावर की भांडण झाल्यावर की सगळे झोपल्यावर, मनात नेमकं कुठलं वाक्य येतं, थोडक्यात हुकलं म्हणजे आता येणारच असं का वाटतं, हे एकेक सुटं करून बघतात, घरी लिहून आणायला सांगतात (मास्तर आहेत, गृहपाठ करतील), आणि त्या वेळेला दुसरं काय करायचं ते ठरवतात. आठ-दहा सेशन तरी लागतात, आणि मधे एकदा-दोनदा घसरतात, तेव्हा बघा काही उपयोग नाही म्हणून सोडायचं नसतं. घसरल्याचं त्यांनी स्वतः येऊन सांगितलं तर ती खरंतर चांगली खूण.

ते रात्री उचलून नेणारं केंद्र. नको. आणि नको म्हणजे नुसतं मला आवडत नाही म्हणून नाही, २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे, असं केंद्र चालवायला राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते, आणि माणसाच्या मनाविरुद्ध ठेवायचं तर त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे वगैरे कारण लागतं, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. बायकोने पैसे भरले एवढं कारण पुरत नाही. साखळीने बांधायला तर साफ बंदी आहे. आमच्या ओपीडीला अशा एका ठिकाणाहून आलेला पोरगा मी बघितलाय, पायावर वळ होते, आणि त्याने त्यानंतर कुठल्याच डॉक्टरवर विश्वास ठेवला नाही, आम्हाला त्याला नुसतं खुर्चीत बसवायला दोन महिने लागले. म्हणून कुठल्याही केंद्रात आधी तू जाऊन बघ. नोंदणीचा कागद दाखवा म्हणायचं, डॉक्टर कुठल्या दिवशी येतात, भेटायला कधी देता, फोन करू देता का, आणि जमलं तर आत राहिलेल्या एखाद्याशी बोलायचं. आत शिरू देत नाहीत तिथे माणूस ठेवायचा नाही.

चांगली ठिकाणं आहेत ना. पुण्याचं मुक्तांगण, अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं, दारू-ड्रग्जसाठी प्रसिद्ध, पण व्यसनी माणसाच्या घरच्यांना कसं धरायचं हे तिथून शिकावं, बायकांसाठी त्यांचा सहचरी नावाचा वेगळा गटच आहे. फोन करून विचार की फक्त जुगार असलेल्या पेशंटसाठी सध्या काय सोय आहे. ठाण्याला आयपीएच, मानसिक आरोग्यासाठीची डॉ. आनंद नाडकर्णींची संस्था. बेंगळुरूला निमहान्स या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत मोबाईल आणि ऑनलाईन गेमच्या नादासाठी वेगळं क्लिनिक आहे, २०१४ पासून. पण मी तुला सांगू का, लगेच पुण्या-बेंगळुरूला पळू नकोस. ज्या ठिकाणी दर आठवड्याला एसटीने जाऊन संध्याकाळी घरी येता येतं ते ठिकाण जास्त चांगलं, भले तिथे पंखा करकरत असेल.

जुगाऱ्यांचे आपापसातले गट पण आहेत, गॅम्बलर्स ॲनॉनिमस, १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेले, दारूवाल्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजे एएच्या धर्तीवर. पैसे नाहीत, नाव सांगायचं नाही, आपण काय केलं ते सांगायचं आणि दुसऱ्याचं ऐकायचं. एएसारख्या गावोगावी मीटिंग नाहीत, पण ऑनलाईन असतात, घरच्यांसाठी गॅम-ॲनॉन नावाचा वेगळा गट असतो. मास्तरांना एक फायदा असा की तिथे त्यांना कुणी सर म्हणणार नाही. ही उपचारांची जागा नाही पण डॉक्टरकडून घरी आल्यावर मधले जे सहा दिवस असतात ना, त्यासाठी आहे.

देवरशाचं. सासूबाईंशी भांडू नकोस, त्यांना देवळात जाऊ दे, नारळ फोडू दे, त्यांचा मुलगा आहे तो, त्यांनाही झोप नाही. फक्त उतारा, गंडा, कोंबडं यात पैसे आणि दिवस जायला नकोत. गुरुवारी तुझ्याबरोबर त्यांनाच मिरजेला ने, बघ कशा बोलतात डॉक्टरशी.

शाळेचं विचारलंस. डॉक्टरला पेशंटची माहिती गुप्त ठेवावी लागते, त्याच २०१७ च्या कायद्यात आहे, ओपीडीतून कुणी हेडमास्तरांना फोन करत नाही. शाळेत कळतं ते दुसऱ्या वाटेने. पतसंस्थेच्या कर्जाला जामीनदार कोण आहेत? दोन शिक्षकच असणार. हप्ते थकले की नोटीस जाते, मग जामीनदाराच्या पगारातून कपात सुरू होते आणि त्या दिवशी अख्ख्या केंद्रातल्या शाळांना कळतं. म्हणून त्या दोघांना नोटिशीच्या आधी तुम्ही दोघांनी जाऊन सांगितलेलं बरं, आणि पतसंस्थेत हप्ता कमी करून मुदत वाढवून मिळते का ते विचारायचं, नवीन कर्ज देऊ नका असं मास्तरांनी स्वतःच्या सहीने लिहून दिलं तर उत्तम. कायद्याची भीती वाटत असेल तर, ऑगस्ट २०२५ चा जो ऑनलाईन गेमिंगचा कायदा आला त्यात शिक्षा आहे ती असले खेळ चालवणाऱ्याला, त्याची जाहिरात करणाऱ्याला, त्याचे पैसे फिरवणाऱ्याला. डॉक्टरला खरं सांगितलं म्हणून कुणी पकडायला येत नाही. पण पैसे फिरवणाऱ्यावरून आठवलं, त्या पॅनलवाल्यांनी कमिशन देतो म्हणून त्यांचं किंवा तुझं बँक खातं वापरायला घेतलंय का ते नक्की बघ. फसवणुकीचे पैसे त्यातून गेले की खातं गोठतं, मग पगार पण अडकतो.

पैशाचं थोडक्यात सांगते. एक वही कर, कुणाचे किती, हप्ता किती, सही कुणाची. तू कर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली नसशील तर त्यांचं पर्सनल लोन तुझ्या अंगावर येत नाही, वसुलीवाला काहीही म्हणू दे, आणि इथून पुढे कशावरही सही करायची नाही, कोरा चेक द्यायचा नाही. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत असं रिझर्व्ह बँकेने बँकांना, फायनान्स कंपन्यांना सांगून ठेवलंय, शिवीगाळ केली तर रेकॉर्ड कर, फोटो पाठवून बदनामीची धमकी आली तर १९३० ला फोन, ती सायबर गुन्ह्यांची हेल्पलाईन. हातउसन्यात कुणी दहा टक्के महिन्याने देणारा सावकार निघाला तर बिनापरवाना सावकारीची तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांकडे होते, २०१४ चा कायदा आहे. वकील लागला तर कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा, बायकांना तिथे फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही, फोन १५१००. आणि ते तयार झाले की पगाराच्या दिवशीच पैसे तुझ्या खात्यात, त्यांच्या यूपीआयची रोजची लिमिट चहा-पेट्रोलपुरती. मोबाईल हिसकावून घेऊ नकोस, दुसरा येतो. त्यांनी स्वतः हातात दिला तर घे.

गुरुवारी जाऊन आलीस की कळव, डॉक्टर काय म्हणाले ते सविस्तर लिही. आणि पाटल्यांची सोनेतारणाची पावती आधी शोध, त्यांच्या पाकिटात नाहीतर शाळेच्या बॅगेत असेल, मुदत कुठल्या तारखेला संपते बघ, लिलावाच्या आधी नोटीस येते ती घरच्या पत्त्यावर येणार की शाळेच्या, तेही त्या पावतीवर लिहिलेलं असतं.

तुझी,
काकू